शाळा उघडल्या, पण मुलांच्या मनाचे काय?

२०२२ च्या ६ डिसेंबरला दोन वर्षांच्या खंडानंतर चैत्यभूमीवर पुन्हा जनसागर लोटला. २०२० आणि २०२१ मध्ये कोरोनाच्या निर्बंधांमुळे बहुतेकांनी घरूनच बाबासाहेबांना अभिवादन केले होते. शिवाजी पार्कवर पुस्तकांच्या स्टॉलजवळ आम्ही काही कार्यकर्ते एक टेबल मांडून बसलो होतो. टेबलावर तीन विषयांची पत्रके होती. शिष्यवृत्ती, वसतिगृह प्रवेश आणि किशोरवयीन मुलांचे मानसिक आरोग्य. पहिली दोन दुपारच्या आत संपली. तिसऱ्याचा गठ्ठा संध्याकाळी जवळजवळ होता तसाच होता. लोक हातात घ्यायचे, वरचा 'मानसिक' हा शब्द वाचायचे आणि परत ठेवायचे.

अंधार पडता पडता मराठवाड्यातून आलेल्या एका काकांनी ते पत्रक उचलले, घडी घालून खिशात ठेवले आणि पुढे गेले. दहा पावले जाऊन परत आले. त्यांचे पहिले वाक्य होते, "वेडाबिडा नाही बरं का तो." मग हळूहळू बाकीचे बाहेर आले. मुलगा २०२१ ला दहावी झाला. परीक्षा न देताच पास. अकरावीला नाव घातले, पण कॉलेज फारसे बघितले नाही. रात्रभर जागा, दिवसा झोपलेला. क्रिकेट सुटले, मित्र सुटले. मध्यंतरी बहिणीला म्हणाला, "मी नसलो तरी कुणाला काय फरक पडणारे?" काकांना वाटत होते, पोरगं बोलायच्या भरात बोलले असेल. पण दोन महिने ते वाक्य त्यांच्या डोक्यातून जात नव्हते.

त्यांच्याशी तासभर बोललो. त्या तासात त्यांनी जे प्रश्न विचारले, तेच प्रश्न गेल्या अडीच वर्षांत वस्त्यांमध्ये काम करताना आम्हाला वेगवेगळ्या घरांत ऐकू आले. म्हणून हा लेख. यातल्या घरांची ओळख पटू नये म्हणून काही तपशील आम्ही बदलले आहेत.

आधी थोडे आकडे. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभाग दरवर्षी अपघाती मृत्यू आणि आत्महत्यांचा अहवाल काढतो. त्यानुसार देशात १८ वर्षांखालील ९,६१३ मुलामुलींनी २०१९ मध्ये आत्महत्या केल्या होत्या. २०२० मध्ये हा आकडा ११,३९६ झाला. म्हणजे रोज सरासरी ३१ मुले. त्यात मुली ६,००४ आणि मुलगे ५,३९२. विद्यार्थ्यांचा आकडा वेगळा दिला जातो, त्यात कॉलेजची मुलेही येतात. तो २०१९ ला १०,३३५, २०२० ला १२,५२६ आणि २०२१ ला १३,०८९ होता. २०२१ मध्ये विद्यार्थ्यांच्या सर्वाधिक आत्महत्या महाराष्ट्रात नोंदल्या गेल्या, १,८३४.

हे आकडे पोलिसांकडच्या नोंदींवरून बनतात. बदनामीच्या भीतीने 'पाय घसरला', 'अचानक गेला' असे सांगून जे मृत्यू दडवले जातात, ते यात नाहीत. प्रयत्न करून वाचलेली मुले यात नाहीत. आणि आपल्या दृष्टीने महत्त्वाची गोष्ट अशी की या अहवालात जातनिहाय आकडे नाहीत. त्यामुळे आपल्या वस्त्यांत नेमके काय झाले, हे सरकारी कागदावरून कळण्याची सोय नाही.

एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगायला हवी. महामारी आली म्हणून सगळीकडे आत्महत्या लगेच वाढल्या, असे नाही. २१ देशांच्या आकड्यांचा एक अभ्यास २०२१ मध्ये 'लॅन्सेट सायकियाट्री'त आला. महामारीच्या पहिल्या काही महिन्यांत तिथे वाढ झाल्याचे दिसले नाही. मात्र त्यातले देश श्रीमंत किंवा बऱ्यापैकी सुस्थितीतले होते. ज्या घरात टाळेबंदीच्या चौथ्या दिवशी पीठ संपते, त्या घराची गोष्ट त्यात नाही. महामारी सगळ्यांवर आली हे खरे, पण ती सगळ्यांवर सारखी आली नाही.

'मोबाईल दिला नाही म्हणून'

या काळातले मथळे आठवा. 'मोबाईल न दिल्याने मुलाची आत्महत्या', 'आई रागावली म्हणून मुलीने जीवन संपवले'. मथळा वाचून आपण दोनच निष्कर्ष काढतो. हल्लीची पोरे फार नाजूक, नाहीतर आईबापच निष्काळजी. दोन्ही निष्कर्ष चुकीचे आहेत, आणि ज्या घरात ही घटना घडली त्या घरावर अन्याय करणारे आहेत.

१ जून २०२० रोजी केरळमध्ये ऑनलाइन वर्ग सुरू झाले. त्याच दिवशी मलप्पुरम जिल्ह्यात दहावीत गेलेल्या एका दलित मुलीने आत्महत्या केली. घरातला टीव्ही बिघडलेला, स्मार्टफोन नाही, रोजंदारी करणाऱ्या वडिलांचे काम बंद. बातमी देशभर गाजली. 'टीव्ही नव्हता म्हणून' असे सांगितले गेले. पण टीव्ही नसलेली लाखो घरे या देशात आहेत. ती मुलगी अभ्यासात चांगली होती. शाळा हाच वर जाण्याचा एक जिना आहे, असे मानणाऱ्या घरातल्या हुशार मुलीला तो जिना आपल्याच पायाखालून काढून घेतल्यासारखे वाटले असेल का? आपल्याला नक्की कधीच कळणार नाही. एवढे मात्र कळते की एका वस्तूवर बोट ठेवून अशा घटनेचा अर्थ लागत नाही. वर्षानुवर्षे पाणी मुरलेली भिंत एका सरीत पडते, तेव्हा दोष त्या एका सरीचा नसतो.

समाजशास्त्राच्या वर्गात आम्हाला एमिल दुर्खीम शिकवला गेला. १८९७ साली त्याने आत्महत्येवर पुस्तक लिहिले. वरवर पाहता अगदी खासगी वाटणारी ही कृती समाजाच्या रचनेशी बांधलेली असते, हा त्याचा मुद्दा. माणूस कुटुंब, गट, समुदाय यांच्याशी किती घट्ट जोडलेला आहे, यावर बरेच अवलंबून असते. परीक्षेपुरता पाठ केलेला हा मुद्दा आम्हाला खऱ्या अर्थाने कळला तो टाळेबंदीत. कारण या वयाच्या मुलांना समाजाशी जोडणारे जवळजवळ सगळे धागे एकाच आठवड्यात तुटले.

२०२० च्या नोंदीत १८ वर्षांखालील मुलांच्या आत्महत्यांमागे सर्वात मोठे कारण म्हणून 'कौटुंबिक समस्या' दाखवली आहे, ४,००६ मुले. त्याखालोखाल प्रेमप्रकरण १,३३७ आणि आजारपण १,३२७. पोलिसांच्या रकान्यात एकच कारण बसते, म्हणून हे आकडेही जपून वाचावेत. तरी 'घर' हा शब्द सगळ्यात वर आहे, हे विसरू नये. मुलांना सुरक्षित ठेवायचे म्हणून आपण त्यांना घरातच तर बंद केले होते.

दहा बाय बाराच्या खोलीत

किशोरवय म्हणजे साधारण १० ते १९ वर्षे. या वयात मेंदूतला भावनांचा भाग वेगाने जागा होतो, पण थांबून विचार करण्याचे काम करणारा, कपाळामागचा भाग विशीच्या मध्यापर्यंत घडत राहतो. त्यामुळे दुःख मोठ्या माणसाइतकेच खोल असते, पण 'हेही दिवस जातील' हे स्वतःला सांगण्याची ताकद अजून तयार झालेली नसते. आपण बारा-पंधरा संकटे पार केलेली असतात, म्हणून तेरावे पार होईल असे वाटते. मुलाचे ते पहिलेच असते. शिवाय या वयात घरापेक्षा मित्रमैत्रिणी जवळच्या वाटतात. हे बिघडणे नाही, वाढणे आहे. स्वतःला ओळखायला घराबाहेरचा आरसा लागतो.

मार्च २०२० मध्ये तो आरसा गेला. शाळा बंद झाल्या. मधल्या काळात वरचे वर्ग काही ठिकाणी उघडले आणि पुन्हा बंद झाले. राज्यात शाळा ४ ऑक्टोबर २०२१ ला सुरू झाल्या, त्याही ग्रामीण भागात पाचवीपासून आणि शहरात आठवीपासून. पंधरा वर्षांच्या मुलासाठी दीड वर्ष म्हणजे त्याच्या आयुष्याचा दहावा हिस्सा.

आम्ही ज्या वस्त्यांत काम करतो तिथे दहा बाय बाराची खोली, त्यात सहा माणसे. मोठ्या घरातल्या मुलाला दार लावून रडता येते. इथे रडायलाही जागा नाही. वयात आलेल्या मुलीला कपडे बदलायला सार्वजनिक संडासापर्यंत जावे लागते. बाप नाक्यावर उभा राहणारा, आई चार घरची धुणीभांडी करणारी. दोघांचे काम एका रात्रीत बंद. त्यात ज्याच्या घरी दारू, त्या घरी मारहाण. शाळा होती तेव्हा निदान पाच-सहा तास त्यातून सुटका असायची, हे त्या काळात मुलेच आम्हाला सांगायची. शाळा म्हणजे फक्त शिक्षण, असे समजणाऱ्या अधिकाऱ्यांना ही सुटका दिसत नाही.

ऑनलाइन शिक्षणाबद्दल खूप लिहून झाले आहे, म्हणून थोडक्यात. २०१७-१८ च्या राष्ट्रीय नमुना पाहणीनुसार ग्रामीण भागात सुमारे १५ टक्के आणि शहरी भागात ४२ टक्के घरांत इंटरनेटची सोय होती. म्हणजे ज्यांच्याकडे नाही असेच जास्त. घरात एक फोन, तो बापाबरोबर कामावर. संध्याकाळी परत आला की आधी भावाला, मग बहिणीला. वर्गाच्या ग्रुपवर शिक्षक विचारणार, "कॅमेरा का बंद आहे?" मागे पत्रा आणि दोरीवरचे कपडे दिसतात म्हणून कॅमेरा बंद ठेवणारी मुलगी याचे काय उत्तर देणार? वर्गात बाकावर शेजारी बसताना जी गरिबी गणवेशात झाकली जात होती, ती स्क्रीनवर उघडी पडली.

समाजकल्याणची वसतिगृहे रिकामी झाली. काही ठिकाणी ती विलगीकरणासाठी घेतली गेली. तिथल्या मुलांना गावी परतावे लागले. शहरात आपण 'विद्यार्थी' असतो. गावात परत 'अमक्या वाड्यातला पोरगा' होतो. हा फरक ज्याने भोगला त्यालाच कळतो.

मग निकाल लागला. २०२० ला दहावीचा भूगोलाचा पेपरच झाला नाही. २०२१ ला परीक्षाच रद्द झाली, अंतर्गत मूल्यमापनावर ९९.९५ टक्के निकाल लागला. आणि या मुलांना नाव पडले, 'कोरोना बॅच'. मुलाखतीला गेले की हसतात, नातेवाईक लग्नकार्यात हसतात, व्हॉट्सअ‍ॅपवर विनोद फिरतात. ज्या मुलीने वडिलांच्या हमालीच्या पैशातून क्लास लावून खरोखर नव्वद टक्क्यांची तयारी केली होती, तिचे गुण कुणी खरे मानेना. आपल्या मुलांना 'फुकटचे', 'सवलतीचे' हे शब्द आधीच आरक्षणावरून ऐकावे लागतात. त्यात ही भर. हा विनोद आपल्याही घरात होतो, तो आधी थांबवू या.

मुलींचा प्रश्न आणखी वेगळा. शाळा बंद, म्हणजे मुलगी घरी. घरी, म्हणजे डोळ्यांवर. शिवाय टाळेबंदीत लग्न पन्नास माणसांत उरकता येत होते. आमच्या माहितीतली एक नववीतली मुलगी मे २०२१ मध्ये 'बघायला येणारेत' हे कळल्यापासून जेवेना. आईला वाटले, अंगात काहीतरी आले. तिला आधी एका बाबाकडे नेले, मग आमच्याकडे. तिला काही झाले नव्हते. तिला शिकायचे होते. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीनुसार महाराष्ट्रात २० ते २४ वयाच्या स्त्रियांपैकी २१.९ टक्के स्त्रियांचे लग्न अठराच्या आत झालेले होते. यातल्या किती जणींच्या 'अंगात आले' असेल, याचा हिशोब कोण ठेवतो?

आणि मरण. दुसऱ्या लाटेत ज्यांच्या घरातले माणूस गेले, त्या मुलांनी चेहरासुद्धा पाहिला नाही. पुण्यानुमोदनाला माणसे नाहीत, गळ्यात पडून रडायला नातलग नाहीत. दुःखाला वाट करून देण्याचे जे मार्ग माणसाने शेकडो वर्षांत तयार केले, ते सगळे बंद होते. एका मुलाने आम्हाला सांगितले, "मीच बाहेरून आजार आणला, म्हणून आजी गेली." दीड वर्ष हे ओझे घेऊन तो फिरत होता. घरात कुणी त्याला दोष दिला नव्हता. पण 'तुझ्यामुळे नाही' असेही कुणी सांगितले नव्हते.

काय बघायचे आणि कसे विचारायचे

मोठ्यांचे नैराश्य उदास चेहऱ्याने येते. मुलांचे पुष्कळदा चिडचिडीने येते. त्यामुळे ते 'उद्धटपणा' म्हणून मार खाते. झोपेची वेळ उलटी होणे, आवडते खेळ-छंद सुटणे, तपासणीत काही न निघणारी सततची डोकेदुखी-पोटदुखी, आंघोळीचा कंटाळा, गुण एकदम घसरणे. यातले एखादे दोन दिवस दिसले तर घाबरू नका. दोन आठवड्यांहून जास्त टिकले, आणि मूल पूर्वीसारखे राहिले नाही असे तुमच्या मनाने घेतले, तर थांबू नका. आईच्या मनाने घेतलेली गोष्ट बहुधा खरी असते, असा आमचा अनुभव आहे.

काही खुणा मात्र त्याच दिवशी हालचाल करण्याच्या आहेत. मरणाबद्दल बोलणे किंवा लिहिणे, 'मी ओझं आहे', 'मी नसतो तर बरं झालं असतं' अशी वाक्ये, आवडत्या वस्तू वाटून टाकणे, निरोप घेतल्यासारखे बोलणे, स्वतःला इजा करणे. बरेच दिवस अस्वस्थ असलेले मूल कारण नसताना एकदम शांत झाले, तरीही जवळ बसा. पूर्वी कधी प्रयत्न झालेला असेल तर धोका जास्त असतो.

काकांचा सर्वात मोठा प्रश्न हाच होता. "विचारलं आणि त्याच्या डोक्यात नसलेलंच भरलं तर?" ही भीती जवळजवळ प्रत्येक घरात असते, आणि ती निराधार आहे. आत्महत्येबद्दल सरळ विचारल्याने तो विचार मनात पेरला जात नाही. उलट, ज्याच्या मनात तो आहे त्याला पहिल्यांदा बोलायची परवानगी मिळते. विचारायचे साध्या भाषेत. "तू हल्ली खूप त्रासात दिसतोस. इतकं नकोसं झालंय का, की जगूच नये असं वाटतं?" समोरासमोर बसवून, पोलीस चौकशी करतात तसे नको. गाडीवर जाताना, भाजी निवडताना, गच्चीत. शेजारी शेजारी असताना मुले जास्त बोलतात.

'हो' म्हटले तर किंचाळू नका, रडू नका, शपथ घालू नका. "सांगितलंस ते बरं केलंस" एवढे म्हणा आणि ऐका. "कुणाला सांगू नका" असे म्हटले तर तसे वचन देऊ नका. "सगळ्या गावाला सांगणार नाही, पण तुला मदत मिळेल अशा एका माणसाला सांगावं लागेल," हे खरे सांगा. त्या रात्री मुलाला एकटे सोडू नका. घरातली औषधे, शेतीची रसायने, धोक्याचे असेल ते सगळे त्याच्या हाताबाहेर, कुलपात किंवा शेजारच्या घरी ठेवा. मरणाची तीव्र इच्छा ही पुष्कळदा लाटेसारखी येते आणि ओसरते. तेवढा वेळ मूल आणि धोका यांच्यात अंतर राहिले तर जीव वाचतो.

आता काय बोलू नये, त्याबद्दल. हे थोडे कडू लागेल. आपल्या घरांत एक वाक्य ठरलेले आहे. "बाबासाहेबांनी केवढं सोसलं, आणि तुला एवढंही सहन होत नाही?" आम्हीही लहानपणी हे ऐकले आहे. बोलणाऱ्याचा हेतू चांगला असतो. पण खचलेल्या मुलाला त्यातून एकच ऐकू येते, की मी बाबासाहेबांच्या नावाला बट्टा आहे. ज्या माणसाचा फोटो बघून त्याला बळ मिळायचे, त्याच फोटोसमोर उभे राहायची त्याला लाज वाटू लागते. बाबासाहेबांनी आपल्याला दुःख गिळायला शिकवले नाही. दुःखाचे कारण शोधायला आणि ते हटवायला शिकवले. 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथात दुःख फक्त व्यक्तीच्या मनातले नाही, माणसाने माणसावर लादलेलेही आहे, ही मांडणी पुन्हा पुन्हा येते. मग आपल्याच घरातले दुःख 'नाटक' म्हणून कसे उडवायचे?

दुसरे वाक्य कार्यकर्त्यांचे. "त्याला दहा दिवस विपश्यनेला पाठवा." ध्यानाने अनेकांना लाभ होतो, आनापान शिकलेल्या मुलांना त्याचा उपयोग झालेला आम्ही पाहिला आहे. पण मरणाचे विचार येत असलेल्या मुलाला दहा दिवस मौनात बसवणे हा उपचार नव्हे. गंभीर मानसिक आजार असलेल्यांसाठी हे शिबिर योग्य नाही, असे विपश्यना केंद्रांच्या नियमावलीतच सांगितलेले असते. आधी डॉक्टर, मग हवे तर ध्यान, तेही डॉक्टरांना विचारून.

मदत कुठे मिळते

१० ऑक्टोबर २०२२ रोजी केंद्र सरकारने 'टेली मानस' ही सेवा सुरू केली. क्रमांक १४४१६. चोवीस तास, मोफत, मराठीतही बोलता येते. फोन मुलाने करायला हवा असे नाही. आई, मित्र, शिक्षक, कार्यकर्ता कुणीही करून 'मी काय करू' असे विचारू शकतो. अठरा वर्षांखालील मुलांवर घरात अत्याचार होत असेल किंवा लग्न लावले जात असेल तर चाइल्ड हेल्पलाइन १०९८. जीवाला लगेच धोका असेल तर ११२ किंवा सरळ जवळचे रुग्णालय.

जिल्हा सामान्य रुग्णालयात मानसोपचार विभाग असतो. केसपेपर काढून थेट दाखवता येते, आणि बहुतेक औषधे तिथेच मिळतात. औषध सुरू झाले की सवय लागते, पोरगं गुंगीत राहते, ही भीती डॉक्टरांनाच सांगा. मनाने औषध बंद करू नका. पुणे, ठाणे, नागपूर आणि रत्नागिरी येथे प्रादेशिक मनोरुग्णालये आहेत, पण तिथपर्यंत जाण्याची वेळ फार थोड्यांवर येते. मानसोपचार म्हणजे येरवडा, हे समीकरण डोक्यातून काढायला हवे.

कायद्याची एक गोष्ट प्रत्येक कार्यकर्त्याला पाठ हवी. मानसिक आरोग्य सेवा कायदा २०१७ नुसार सरकारी मानसिक आरोग्य सेवा मिळणे हा प्रत्येकाचा हक्क आहे. त्याच कायद्याच्या कलम ११५ नुसार आत्महत्येचा प्रयत्न करणारी व्यक्ती तीव्र तणावाखाली होती असे मानले जाते आणि तिला त्यासाठी शिक्षा करता येत नाही. रुग्णालयात पोलीस जबाब घ्यायला येतात, ते पाहून घरचे घाबरतात आणि मुलाला उचलून खासगी दवाखान्यात नेतात किंवा घरी आणतात. यात मोलाचा वेळ जातो. अशा वेळी घरच्यांसोबत थांबणे आणि हे कलम शांतपणे सांगणे, एवढे आपण करू शकतो.

युनिसेफने २०२१ मध्ये २१ देशांतील तरुणांना विचारले, की मनाचा त्रास असेल तर दुसऱ्यांची मदत घेणे चांगले का? सर्व देशांत सरासरी ८३ टक्के 'हो' म्हणाले. भारतात ४१ टक्के. आमच्या टेबलावरचा न संपलेला गठ्ठा तो हाच. याच पाहणीत भारतातल्या १५ ते २४ वयाच्या दर सात तरुणांमागे एकाने आपल्याला अनेकदा उदास वाटते किंवा कशातच रस वाटत नाही, असे सांगितले होते. तुमच्या मंडळाच्या लेझीम पथकात एकवीस पोरे असतील तर हिशोब करून बघा.

आपल्याकडे वस्तीवस्तीत विहार आहे. ही ताकद फार थोड्या समाजांकडे आहे. बऱ्याच विहारांत रविवारी वंदना होते आणि बाकी सहा दिवस कुलूप. संध्याकाळी दोन तास अभ्यासिका म्हणून उघडला, दिवा-पंखा चालू ठेवला आणि एक समजूतदार ताई किंवा दादा तिथे बसला, तर घरात रडायला जागा नसलेल्या मुलाला निदान बसायला जागा मिळते. आम्ही एका विहारात हे करून पाहिले. पहिले दोन महिने मुले फक्त मोबाईल चार्ज करायला यायची. पदाधिकाऱ्यांनी विजेच्या बिलावरून कुरकुर केली. तिसऱ्या महिन्यात एका मुलीने ताईला विचारले, "तुम्ही कुणाला सांगणार नसाल तर एक बोलू का?" चार्जिंगचे बिल वसूल झाले असे आम्ही समजतो.

आणखी एक विनंती, जयंतीचे नियोजन करणाऱ्या तरुणांना. वस्तीत अशी घटना घडली तर त्या मुलाचा फोटो, शेवटची चिठ्ठी, कसे केले याचे तपशील ग्रुपवर फिरवू नका. 'भावपूर्ण श्रद्धांजली'चे मोठाले बॅनर चौकात लावू नका. त्याच उंबरठ्यावर उभे असलेले दुसरे मूल तो बॅनर बघत असते. त्याऐवजी त्याच्या मित्रांकडे जा. त्या आठवड्यात सर्वात जास्त जपायची असतात ती हीच मुले, आणि त्या घरातली भावंडे.

काकांचा फोन परवा आला. मुलाला घेऊन ते जिल्हा रुग्णालयात दोनदा जाऊन आले. पहिल्यांदा मुलगा आत गेल्यावर एक शब्द बोलला नाही, दुसऱ्यांदा पंधरा मिनिटे बोलला. गोळ्या सुरू आहेत. झोप थोडी जागेवर येते आहे. कॉलेजचे अजून काही ठरलेले नाही. जाताना त्यांनी विचारले, ती पत्रके शिल्लक आहेत का? गावात आणखी दोन घरी द्यायची आहेत. शिल्लक आहेत, आम्ही म्हणालो. उरलेला गठ्ठा १ जानेवारीला भीमा कोरेगावला घेऊन येतो आहोत, तिथून न्या.